ऑपरेशन दोन तासांचं, बदललेलं पोट कायमचं

बॅरिएट्रिक सर्जरीबद्दल, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर लहान करण्याच्या ऑपरेशनबद्दल, नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: टेबलावर काही होणार नाही ना? याचं उत्तर बऱ्यापैकी दिलासा देणारं आहे. दुर्बिणीतून होणाऱ्या आजच्या शस्त्रक्रियांत पहिल्या महिन्याभरातले मृत्यू हजारात साधारण एक ते तीन, म्हणजे पित्ताशय काढण्याच्या ऑपरेशनच्या आसपास. शिवाय तीव्र लठ्ठपणा आणि मधुमेह अंगावर काढण्यातही धोका आहेच. घोळ होतो तो पुढे. सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो आणि जपायचं नेमकं तेव्हाच सुटतं.

या ऑपरेशनच्या ‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात. ‘बायपास’ प्रकारात जठराच्या वरच्या टोकाची जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी करून तिला लहान आतडं जोडतात. अन्न उरलेल्या जठराला आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला टाळून पुढे जातं.

पहिल्या काही दिवसांत भीती दोन गोष्टींची. पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं ही एक. म्हणूनच ऑपरेशनच्या दिवशीच रुग्णाला उठवून चालवतात. दुसरी, टाक्यांच्या ओळीतून होणारी गळती. ती शंभरात एखाद्या-दुसऱ्यालाच होते, पण जाड पोटात सहज हाताला लागत नाही. नाडी मात्र चुगली करते. ती मिनिटाला १२०च्या वर टिकून राहिली, तर ताप नसला तरी सर्जन अस्वस्थ होतो.

आपल्याकडे मला जास्त काळजी वाटते ती घरी गेल्यानंतरच्या उलट्यांची. शरीरात थायमिनचा, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचा साठा फार तर दोन-तीन आठवड्यांचा असतो. खाणं घोटभर आणि तेही उलटून पडत असेल, तर तो लवकर संपतो. मग डोळे लटपटतात, एकाचे दोन दिसतात, चालताना तोल जातो, बोलणं असंबद्ध होतं. याला वेर्निके एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. पण घरच्यांना तो अशक्तपणा वाटतो, आणि अशक्तपणावर आपला हुकमी उपाय म्हणजे सलाईन! त्या बाटलीत ग्लुकोज असलं की पंचाईत होते. ग्लुकोज वापरायला मेंदूच्या पेशींना थायमिन लागतं आणि उरलंसुरलं थायमिन त्यातच खर्ची पडतं. म्हणून अशा रुग्णाला ग्लुकोजच्या आधी किंवा निदान सोबत थायमिनचं इंजेक्शन द्यावं लागतं. उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. काही रुपयांच्या इंजेक्शनअभावी हे व्हावं, याचं वाईट वाटतं.

बी-१२चा मामला उलटा, तो सावकाश उगवतो. हे जीवनसत्त्व शोषायला जठरात तयार होणारं एक प्रथिन लागतं आणि इथे जठरच आटलेलं असतं. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे गोळ्या बंद करूनही ‘मला काही होत नाही’ असं वाटत राहतं. मूळचा शाकाहारी माणूस आधीच काठावर असतो. लोह मुख्यतः बायपासने टाळलेल्या भागातच शोषलं जातं, म्हणून पाळी येणाऱ्या बायकांचं हिमोग्लोबिन घसरतं. गोळ्या आणि रक्ततपासण्या जन्मभराच्या, हे ऑपरेशनआधी स्पष्ट सांगायलाच हवं.

झपाट्याने वजन उतरताना पित्ताशयात खडे होतात, त्यासाठी अनेक ठिकाणी सहा महिने औषध देतात. बायपासनंतर वाटीभर बासुंदी खाल्ली की अर्ध्या तासात घाम, धडधड आणि जुलाब होऊ शकतात. दारू लवकर आणि जास्त चढते. सिगारेट आणि दुकानातून आणलेल्या आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या जोडाच्या जागी अल्सर करतात.

सगळ्यात फसवी गुंतागुंत आतल्या हर्नियाची. बायपास करताना आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यात फटी राहतात. त्या टाके घालून बंद केल्या, तरी वजन उतरल्यावर पडद्यातली चरबी झडते आणि फट पुन्हा उघडू शकते. त्यात आतडं सरकतं, कधी आपोआप सुटतं, कधी पीळ पडतो. जेवणानंतर कळ येते, जाते. साधा एक्स-रे स्वच्छ, कधी सीटी स्कॅनही. अशा वेळी पोटात दुर्बीण घालून पाहावं लागतं, कारण पिळलेलं आतडं काही तासांत काळं पडू शकतं. कळ येते ऑपरेशननंतर वर्षा-दोन वर्षांनी, अनेकदा दुसऱ्याच गावी. समोरच्या डॉक्टरला बारीक चणीचा माणूस दिसतो आणि तो ॲसिडिटीचं औषध लिहून देतो. सासरी कळू नये म्हणून ऑपरेशन लपवलेली बाई तेव्हाही गप्प बसली, तर त्याला हर्नियाची शंका यायची कुठून?