आजवा, वढवाणा आणि काळा घोडा

बडोद्यात महाराजा सयाजीराव गायकवाडांची खूण विचारलीत तर बोट काळ्या घोड्याकडे जाईल. कमाटीबागेच्या दाराशी असलेला हा अश्वारूढ पुतळा 1907 चा, महाराजांच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवातला. पावसाळा लागला की मात्र गावभर एकच प्रश्न फिरतो: “आजवा किती फुटांवर आलाय?”

आजवा म्हणजे सयाजी सरोवर. 1885 साली काम सुरू झालं आणि 1892 मध्ये तलावाचं पाणी शहरात आलं. शहराच्या पूर्वेला वीसेक किलोमीटरवर मातीचा लांबलचक बांध घातला. तलाव उंचावर, शहर सखल. त्यामुळे पाणी उतारानेच वाहत येई, पंप लागत नसे. आज निमेट्याला शुद्ध होऊन ते शहराच्या एका भागाला मिळतं. जास्तीचं शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीत सोडतात, म्हणून तर फुटांची चौकशी. तहान भागवणाराच पुराची धास्तीही देतो.

दुसरी खूण डभोईजवळची. संवत 1956 चा, म्हणजे 1899-1900 चा दुष्काळ गुजरातेत ‘छप्पनियो’ म्हणूनच ओळखला जातो. त्यानंतरच्या दशकात बडोदे संस्थानाने वढवाण्याचा तलाव बांधला, साल 1910. ओरसंग नदीचं पाणी जोजव्याच्या बंधाऱ्यावरून कालव्याने तिथे आणलं. हेतू सरळ शेतीचा होता, पक्ष्यांचा विचार त्यात असेल असं मला वाटत नाही. पण हिवाळी पाहुण्यांनी तलाव आपलासा केला आणि 2021 मध्ये तो महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय ‘रामसर’ यादीत गेला. ज्याला आपण आज पाणथळ संवर्धन म्हणतो, त्याची सुरुवात पाटबंधाऱ्याच्या खात्यात झाली, हे मला फार आवडतं.

या कामांमागचा विचार शोधायचा तर दप्तरात शिरावं लागतं. संस्थानाचे जुने कागद मोडी लिपीत आहेत. सयाजीरावांनी कारभारात गुजराती रुजवली, त्यामुळे संस्थानाचं राजपत्र, म्हणजे ‘आज्ञापत्रिका’, मुख्यतः गुजरातीत निघे; वार्षिक अहवाल इंग्रजीत. भाषांच्या या गर्दीवर त्यांचाच एक उपाय होता: आठ भाषांतला कारभारी शब्दकोश, ‘सयाजीशासनशब्दकल्पतरू’, 1931.

1949 मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, 1960 मध्ये गुजरात वेगळा झाला. बडोद्याचं दप्तर गुजरात राज्याकडे राहिलं. महाराष्ट्र शासनाच्या चरित्रसाधने समितीने महाराजांची भाषणं नि पत्रं मराठीत ग्रंथरूपाने आणली, ही मोठीच सोय. पण भाषणात राजा बोलतो. बांधाचा खर्च, कालव्याची आखणी, पाणीपट्टी हे सगळं अहवालांत आणि आज्ञापत्रिकेत पडून असतं. आणि सयाजीरावांच्याही आधी इथल्या तळ्याविहिरींची व्यवस्था कशी होती, हे विचारायचं झालं तर मोडीच यायला हवी. आमच्या आजोबांना ती सरसर येई. त्यांच्या ट्रंकेतले कागद आता घरात कोणालाच वाचता येत नाहीत.