समस्थानिके आणि समभारिके: कार्बन-14 नेमका कुठे बसतो?

प्रोटॉन सारखे पण न्यूट्रॉन वेगळे, ती समस्थानिके; प्रोटॉन-न्यूट्रॉनची बेरीज सारखी पण मूलद्रव्य वेगळं, ती समभारिके. दोन्ही व्याख्या तोंडपाठ असतात, तरी कार्बन-14 समोर आला की विद्यार्थी अडतात. तो समस्थानिक की समभारिक? खरं तर हा प्रश्नच अर्धवट आहे. ही नात्याची नावं आहेत. नातं कोणाशी, हे सांगितल्याशिवाय उत्तर देताच येत नाही.

कार्बन-14 च्या केंद्रकात 6 प्रोटॉन आणि 8 न्यूट्रॉन असतात. कार्बन-12 मध्ये 6 आणि 6. प्रोटॉन तेवढेच, म्हणजे अणुअंक तोच आणि मूलद्रव्यही तेच: ही दोघं समस्थानिके. नायट्रोजन-14 मध्ये मात्र 7 आणि 7. बेरीज 14 च, पण मूलद्रव्य वेगळं: कार्बन-14 आणि नायट्रोजन-14 समभारिके.

रसायनाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. समस्थानिकांचे रासायनिक गुणधर्म जवळजवळ सारखे असतात (हायड्रोजन आणि त्याचं जड समस्थानिक ड्युटेरियम यांच्यात थोडा फरक जाणवतो, कारण तिथे वस्तुमान थेट दुप्पट होतं). म्हणूनच कार्बन-14 पासून बनलेला कार्बन डायऑक्साइडही वनस्पती प्रकाशसंश्लेषणात वापरतात आणि पुढे त्यावरून जुन्या लाकडाचं वय काढता येतं. समभारिकांमध्ये असलं साम्य शोधूच नये. पोटॅशियम पाण्यात टाकताच पेट घेतो, अरगॉन सहसा कशाशीच संयोग पावत नाही. तरी पोटॅशियम-40 आणि अरगॉन-40 समभारिके आहेत.

मग समभारिकांचा विचार करायचाच कशाला? किरणोत्सारितेसाठी, म्हणजे केंद्रक आपोआप बदलून कण बाहेर टाकतं ते समजण्यासाठी. कार्बन-14 मधल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि बीटा कण, म्हणजे एक इलेक्ट्रॉन, बाहेर पडतो. हा इलेक्ट्रॉन कक्षेतला नव्हे, केंद्रकात त्याच क्षणी निर्माण झालेला. एक न्यूट्रॉन कमी, एक प्रोटॉन जास्त. बेरीज हलत नाही. उरतो तो नायट्रोजन-14. साधारण 5,730 वर्षांत निम्मे अणू असे बदलतात. अशा बदलातून, म्हणजे बीटा ऱ्हासातून, नेहमी समभारिकच मिळतं, हे एकदा डोक्यात बसलं की समीकरणं चुकत नाहीत.

अल्फा ऱ्हासात 2 प्रोटॉन आणि 2 न्यूट्रॉन जातात, त्यामुळे दोन्ही नाती तुटतात: युरेनियम-238 चं थोरियम-234 होतं. पण पुढे लागोपाठ दोन बीटा ऱ्हास होतात. थोरियम-234 पासून प्रोटॅक्टिनियम-234, त्यापासून युरेनियम-234. हे तिघं एकमेकांची समभारिके, आणि शेवटचा पुन्हा युरेनियमच: सुरुवातीच्या 238 चं समस्थानिक.