साध्या टँक-किटची सुधारणा: ठाणे-नवी मुंबईतील एका छंदाची पार्श्वभूमी

जुन्या साच्यातून निघालेल्या १:३५ प्रमाणाच्या टँक-किटचा (रणगाड्याचे छोटे प्लॅस्टिक मॉडेल जोडण्याच्या संचाचा) खालचा हल, म्हणजे धड, उलटा धरला, की त्याच्या तळाला काही भोके, खाचा आणि उंचवटे दिसतात. खऱ्या रणगाड्याशी त्यांचा काहीही संबंध नसतो. तेथे एके काळी स्विच, गिअरबॉक्स आणि बॅटऱ्या बसत असत. ठाणे आणि नवी मुंबईतील मॉडेलकार साध्या किटमध्ये ज्या सुधारणा करतात त्यांची सुरुवात बहुधा याच तळापासून होते, आणि गेल्या काही वर्षांत या छंदापुढे किट हे खेळणे की नाही असा जो वाद उभा राहिला आहे त्याचे मूळही याच भोकांत आहे.

१:३५ हे प्रमाण कोणत्याही मोजमापाच्या परंपरेतून आलेले नाही. १:७२ मागे सहा फुटी माणूस एका इंचात बसवण्याचा हिशेब आहे, तर १:७६ हे ब्रिटनमधील छोट्या रेल्वेच्या 'एका फुटाला चार मिलिमीटर' या मापातून आले आणि एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी आपले छोटे रणगाडे त्यातच काढले. त्याच सुमारास टामिया या जपानी कंपनीने पँथर हा जर्मन रणगाडा बाजारात आणला, तेव्हा मोटर आणि बॅटऱ्या आत मावल्या पाहिजेत या अटीवर हलचा आकार ठरवला गेला आणि नंतर मोजमाप केले तेव्हा प्रमाण साधारण १:३५ भरले. १९६८ पासून त्याच प्रमाणात सैनिकांच्या मूर्ती येऊ लागल्या. सैनिकाला मोटर लागत नाही, तो केवळ रणगाड्याशेजारी उभा राहतो, आणि त्याच्यामुळे चालणाऱ्या रणगाड्याकडे मांडून ठेवण्याची वस्तू म्हणून पाहण्याची दृष्टी रुजली. साचे मात्र तेच राहिले. पुढे अनेक किटमधून मोटर वगळली गेली, पण तिच्यासाठी केलेली तडजोड प्लॅस्टिकमध्ये कायम राहिली.

या तडजोडींपैकी सर्वांत ठळक म्हणजे स्पॉन्सनचा उघडा तळ. हलचा वरचा भाग ट्रॅकच्या (चाकांवरून फिरणाऱ्या पट्ट्याच्या) वर जेथे बाहेर येतो, तेथे खऱ्या रणगाड्यात खालून पोलादी पत्रा असतो. किटमध्ये तो नसतो आणि मॉडेल थोडे तिरके धरले की आतली पोकळी दिसते. दुसरी अडचण जाडीची आहे. साच्यातून काढलेले मडगार्ड एक मिलिमीटर जाडीचे असेल, तर १:३५ च्या हिशेबाने ते पस्तीस मिलिमीटर जाडीचे होते, म्हणजे मडगार्डाचे चिलखत होते. खरा पत्रा दोन-तीन मिलिमीटरच्या आसपास असतो आणि किटच्या मापात तो कागदापेक्षाही पातळ पडतो. तिसरी अडचण रबरी ट्रॅकची. टी-५५ सारख्या रणगाड्याला वरचे आधाररोलर नाहीत, त्यामुळे त्याचा ट्रॅक स्वतःच्या वजनाने चाकांवर टेकलेला असतो, आणि किटमधला ताणलेला रबरी पट्टा चाकांच्या वर अधांतरी राहतो. चाकांना चिकटवून किंवा आतून तार टोचून तो खाली ओढला, तर एवढ्याने रणगाड्याला वजन आल्याचे दिसते. माझ्या मते कोणत्याही महागड्या जोडभागापेक्षा ही एक सुधारणा अधिक परिणाम करते.

परदेशात १९८० च्या दशकापासून या उणिवा भरून काढण्याचा स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला. प्रथम रेझिनचे सुटे भाग आले, मग रसायनाने कोरलेल्या पातळ पितळी (फोटो-एच) जाळ्या, लेथवर कातलेल्या ॲल्युमिनियमच्या तोफनळ्या आणि एकेक कडी सुटी जोडता येणारे धातूचे ट्रॅक आले. बेल्जियममधील एका मॉडेलकाराने गडद वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) आणि ड्रायब्रशिंगची (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवटे उजळण्याची) जी रीत लोकप्रिय केली, ती जवळपास दोन दशके जगभर प्रमाण मानली गेली. तिची जागा पुढे स्पॅनिश मॉडेलकारांच्या रंगछटा उजळत नेण्याच्या पद्धतीने घेतली. हे सर्व येथे पोहोचले ते बरेच उशिरा, आणि तेही आधी छायाचित्रांच्या रूपाने.

ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर १९९१ पूर्वी कडक निर्बंध होते, आणि त्यांपैकी शेवटचे संख्यात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ रोजी उठले. तोपर्यंत ठाण्यातल्या मुलाच्या हाती एखादे किट आले, तर ते आखातात किंवा जहाजावर नोकरीला असलेल्या नातेवाइकाच्या सामानातून. जे मिळेल तेच जोडायचे, आणि ते चुकीचे असेल तर हाताने दुरुस्त करायचे, अशी सवय त्यातून लागली. सुटे भाग विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता. वागळे इस्टेटच्या परिसरात मोटर रिवाइंडिंगची तांब्याची तार गेजप्रमाणे मिळते. खऱ्या रणगाड्यावरची अर्ध्या इंच जाडीची, हाताने धरण्याची कडी १:३५ मध्ये साधारण ०.३६ मिलिमीटरची होते, आणि २८ गेजची तार ०.३७ मिलिमीटरच्या आसपास भरते. किटमधली ठोकळ्यासारखी कडी तासून तेथे सुईने दोन भोके पाडावीत आणि ही तार वाकवून बसवावी, यापेक्षा अचूक भाग कोणत्याही पाकिटात मिळत नाही. स्पॉन्सनचा तळ मुदत संपलेल्या प्लॅस्टिक कार्डातून कापला जाई. मात्र ते कार्ड पीव्हीसीचे असते आणि किट पॉलिस्टायरीनचे, त्यामुळे मॉडेलचा गोंद दोन्ही प्लॅस्टिके एकजीव करत नाही आणि फेवीक्विकचा आधार घ्यावा लागतो. गोळ्यांच्या पाकिटाच्या फॉइलमधून मडगार्ड, बारीक तारा पिळून ओढदोर, मेणबत्तीवर तापवून ओढलेल्या स्प्रूमधून (किटचे भाग ज्या प्लॅस्टिक चौकटीला जोडलेले असतात तिच्यातून) अँटेना आणि एम-सीलच्या पातळ थरातून झिमेरिट असे पर्याय एकमेकांना सांगत पसरले. झिमेरिट म्हणजे चुंबकीय सुरुंग चिकटू नयेत म्हणून जर्मन रणगाड्यांवर लावला जाणारा रेघांचा लेप. तो १९४३ च्या उत्तरार्धापासून सप्टेंबर १९४४ पर्यंतच कारखान्यात लावला जात होता, तेव्हा कोणत्या रणगाड्यावर तो घालायचा हे उत्पादनाच्या तारखेवरून ठरवावे लागते.

२००१ नंतरची जवळपास वीस वर्षे या छंदाला मोकळीक देणारी होती. आयात केलेली किट दुकानांतून आणि पुढे घरपोच मिळू लागली, नेरुळ-वाशीकडे नव्याने राहायला आलेल्या अनेकांनी त्याच काळात पहिला रणगाडा जोडला, आणि साधे किट घेऊन त्यावर आयात केलेला पितळी संच चढवणे ही रूढ पद्धत झाली. मग २०२० साल आले.

त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के करण्यात आले आणि २०२३ मध्ये ते ७० टक्क्यांवर गेले. त्याखेरीज खेळण्यांच्या गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला, ज्यानुसार भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यावर मानक चिन्ह बंधनकारक झाले, आणि ते चिन्ह लावण्याचा परवाना वस्तू जेथे बनते त्या कारखान्याला घ्यावा लागतो. या दोन निर्णयांची चर्चा सहसा एकत्र होते. ती वेगवेगळी करणे आवश्यक आहे, कारण 'खेळणे' हा शब्द दोन्हींमध्ये एकाच अर्थाने आलेला नाही.

सीमाशुल्क ठरते ते शुल्काच्या यादीतील ९५०३ या शीर्षकावरून. या शीर्षकात चाकांची खेळणी, बाहुल्या, इतर खेळणी, प्रमाणबद्ध छोटी मॉडेले आणि कोडी असे गट एकामागोमाग येतात. म्हणजे शीर्षकाने मॉडेलांना खेळण्यांहून निराळे नाव दिले आहे, पण बसवले आहे त्याच ओळीत. न्हावा शेवा बंदरात उतरलेल्या पेटीत टँक-किट असेल, तर ते या शीर्षकात जाते याबद्दल वाद घालण्यास फारशी जागा नाही. गुणवत्तेचा आदेश मात्र शीर्षक पाहत नाही, व्याख्या पाहतो: चौदा वर्षांखालील मुलांनी खेळावे यासाठी बनवलेली किंवा स्पष्टपणे त्या हेतूची वस्तू म्हणजे खेळणे. टँक-किटच्या डब्यांवर अनेकदा 'वय १४ आणि पुढे' असे छापलेले असते. मॉडेलकारांचे म्हणणे असे, की हा डबा शुल्कापुरता त्या शीर्षकात मोडत असला, तरी आदेशाच्या व्याख्येत बसत नाही. विरुद्ध बाजूचे म्हणणे असे, की डब्यावर काय छापले आहे यावर हेतू ठरवू दिला, तर कोणतेही निकृष्ट खेळणे तोच आकडा छापून आत येईल. आणि रंगातील शिसे किंवा सुट्या बारीक भागांचा धोका मुलाच्या हाती वस्तू गेल्यावर आकडा पाहून थांबत नाही.

हा दुसरा युक्तिवाद पोकळ नाही, हे मान्य केले पाहिजे. युरोपीय संघाच्या २००९ च्या खेळणी-निर्देशात मात्र यावर स्वच्छ उत्तर आहे: तपशीलवार प्रमाणबद्ध मॉडेले जोडण्याची किट, चौदा वर्षांवरील संग्राहकांसाठी असल्याची खूण डब्यावर असल्यास, खेळणी मानली जात नाहीत, असे परिशिष्टात उदाहरणासह लिहिलेले आहे. आपल्याकडे इतकी थेट ओळ असती तर बराच गोंधळ टळला असता. हजारो डबे खपवणारा खेळण्यांचा उत्पादक कारखान्याच्या तपासणीचा खर्च उचलू शकतो. मोजके डबे पाठवणाऱ्या किट-उत्पादकाला तो परवडत नाही आणि तो भारतीय बाजार सोडून देतो. निर्णयाचा हेतू खेळण्यांच्या सुरक्षेचा आणि देशी उत्पादनाचा होता. देशात रणगाड्याचे दर्जेदार इंजेक्शन-साचे मात्र त्यातून उभे राहिले नाहीत.

या वादात मॉडेलकारांच्या बाजूने जेव्हा 'किट कधीच खेळणे नव्हते' असे सांगितले जाते, तेव्हा इतिहास त्यांना साथ देत नाही. पँथर मुलांनी जमिनीवर चालवावा म्हणूनच बनवला गेला होता आणि १:३५ हे प्रमाणच मुळी त्या चालवण्यातून जन्मले. अधिक खरे विधान असे, की किट डब्यात अर्धे खेळणे असते आणि जोडणारा माणूस तळाची भोके बुजवतो, स्पॉन्सन बंद करतो, मडगार्ड पातळ करतो, तेव्हा त्यातला खेळण्याचा अंश एकेक करून काढून टाकत असतो. कायद्याला मात्र डब्यात जे आहे त्यावरच निर्णय घ्यावा लागतो, आणि सुधारणेचे श्रम त्याच्या नजरेत येऊ शकत नाहीत.

याचा प्रत्यक्ष परिणाम असा झाला, की नवी, अनेक भागांची किट महाग झाली आणि जुन्या साच्यांतील साधी किट पुन्हा कामाच्या टेबलावर आली. पितळी संचाची किंमत कित्येकदा किटहून जास्त भरत असल्याने तारेची आणि फॉइलची जुनी रीत तरुणांनीही उचलली. तिच्या जोडीला आता रेझिनचा थ्रीडी प्रिंटर आला आहे. हॅच, पेरिस्कोप, मशिनगन, सुटे ट्रॅक हे सर्व घरच्या घरी छापता येते आणि तपशिलाच्या बाबतीत ते साच्यातल्या भागाला मागे टाकते. छापील रेझिन ठिसूळ असते, पातळ पत्रा त्यात नीट येत नाही, आणि तिरक्या पृष्ठभागावर थरांच्या रेषा राहतात, म्हणून मडगार्डासाठी फॉइलच उजवे ठरते.

भारतीय रणगाडा बनवायचा असेल तर सुधारणेचे स्वरूप आणखी बदलते. १९७१ च्या युद्धात दोन्ही सैन्यांकडे दिसायला जवळजवळ सारखे रणगाडे होते, भारताकडे टी-५५ आणि पाकिस्तानकडे त्याच घडणीचा चिनी टाइप-५९. म्हणून ओळख पटावी यासाठी भारतीय टी-५५ च्या तोफनळीच्या मध्यभागी धूर-शोषकासारखे (नळीतला धूर बाहेर काढणाऱ्या भागासारखे) दिसणारे खोटे कडे बसवले गेले. किटमध्ये ते नसते. नळीभोवती पातळ कागदाची पट्टी गुंडाळून, सुपर-ग्लूने कडक करून आणि कडा तासून ते बनवता येते, आणि साधा टी-५५ एवढ्या एका कड्याने भारतीय होतो.

अशा तपशिलांसाठी ठाण्याचे लोक कल्याण, मुरबाड, माळशेज घाट असा रस्ता धरून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला जातात. तेथील रणगाडा संग्रहालय १९९४ मध्ये सुरू झाले असून सेंच्युरियन, विजयंता आणि १९६५ मध्ये हस्तगत केलेला पॅटन तेथे उघड्यावर उभे आहेत. ओतीव बुरुजाचा खडबडीतपणा, वेल्डिंगची जाडी, मडगार्डाचा वाकलेला काठ हे सर्व तेथे डोळ्यांनी पाहता येते, आणि मग किटच्या गुळगुळीत बुरुजावर गोंदाचा हात देऊन ताठ ब्रशने कितपत टोचायचे याचा अंदाज येतो. रंगासाठी मात्र या रणगाड्यांवर विसंबू नये. प्रदर्शनातील वाहने वेळोवेळी पुन्हा रंगवली जातात आणि आजचा हिरवा हा युद्धातला हिरवा असेलच असे नाही.

मातीच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी लागते. कोकणातली तांबडी माती चाळून पिगमेंट (रंगाची भुकटी) म्हणून वापरण्याची येथे मोठी हौस आहे. १९७१ च्या बसंतरच्या लढाईतला सेंच्युरियन ज्या शकरगढ भागात लढला, तेथे मात्र नदीच्या गाळाची फिकट, करडी-पिवळसर माती आहे. तांबडा चिखल लागलेला सेंच्युरियन कितीही सुंदर दिसला, तरी तो त्या रणांगणावरचा नाही. जून ते सप्टेंबर या काळात ठाण्याच्या दमट हवेत लॅकर रंगावर पांढुरकी झाक धरते, त्यामुळे जोडकाम, पुट्टी आणि घासकाम पावसाळ्यात उरकून एअरब्रशचे काम दिवाळीच्या सुमारास, हवा कोरडी झाल्यावर हाती घ्यावे.