विनिमयदर (परदेशस्थांच्या नजरेतून)

एका देशाच्या चलनाला दुसऱ्या देशाच्या चलनात मिळणारा भाव म्हणजे विनिमयदर. आयात-निर्यातीतली तूट, तेलाचे भाव, व्याजदर, युद्ध आणि सरकारी अधिसूचना यांनी तो वरखाली होतो. गावात राहणाऱ्याला डॉलर महागल्याची झळ उशिरा लागते. परदेशात राबून घरी पैसे पाठवणाऱ्याला ती पगाराच्या दिवशीच कळते. म्हणूनच दुबई-मस्कतला असलेल्या नाशिककरांच्या फोनवर ख्यालीखुशाली झाली की पुढचा प्रश्न ‘आज रेट काय लागला?’ हाच असतो.

नाशिकचा या विषयाशी असलेला संबंध थेट नोटेपासून सुरू होतो. नाशिकरोडच्या छापखान्यात १९२८ पासून नोटा छापल्या जातात. १९५० च्या दशकात कुवेत, बहारीन, कतार, ओमान आणि आजच्या संयुक्त अरब अमिरातीत भारतीय रुपयाच चालत असे. तिथे गेलेल्या भारतीयाला पगार रुपयांत, किराणा रुपयांत, घरी पाठवायचे तेही रुपयेच. दर बघायची वेळच येत नव्हती. हे सगळे बिघडले ते सोन्यामुळे. भारतात सोन्याच्या आयातीवर निर्बंध होते, आखातात ते मोकळेपणाने मिळे. चोरून आणलेल्या सोन्याचे पैसे रुपयांत चुकते व्हायचे, ते रुपये तिथल्या बँकांमार्फत परत येत आणि रिझर्व्ह बँकेला त्याबदल्यात पौंड मोजावे लागत. परकीय गंगाजळीला लागलेली ही गळती थांबवण्यासाठी १९५९ मध्ये फक्त आखातात चालणारी वेगळी नोट काढण्यात आली. शंभराची हिरवी, दहाची लाल, आणि क्रमांकाच्या आधी ‘झेड’ हे अक्षर. तेव्हा देशात नोटांचा दुसरा छापखाना नव्हता, त्यामुळे हा ‘आखाती रुपया’ही नाशिकरोडचाच.

कुवेतने १९६१ मध्ये आणि बहारीनने १९६५ मध्ये स्वतःचा दिनार काढला. बाकीच्यांना आखाती रुपया सोडायला लावला तो ६ जून १९६६ च्या अवमूल्यनाने. पाकिस्तानशी झालेले युद्ध, अडलेली परकीय मदत, दुष्काळ आणि व्यापारातली तूट यांच्या दडपणाखाली इंदिरा गांधींच्या सरकारने डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर नेला. आखाती रुपया भारतीय रुपयाला बांधलेला होता. निर्णय दिल्लीत झाला आणि कतारमधल्या दोहा शहरातल्या दुकानदाराच्या गल्ल्यातल्या रकमेची परकीय चलनातली किंमत एका रात्रीत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उतरली. कतार आणि बहुतेक अमिरातींनी तात्पुरता सौदी रियाल वापरला, मग आपले चलन काढले. ओमान तेवढा १९७० पर्यंत थांबला.

आज अमिरातीचा दिरहम डॉलरला बांधलेला आहे. १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ दिरहम. त्यामुळे दुबईत काम करणाऱ्याच्या पैशाचा भाव खरे तर वॉशिंग्टन आणि मुंबईत ठरतो. २०१३ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने रोखे खरेदी आवरती घेण्याचे नुसते सूतोवाच केले आणि ऑगस्टअखेर रुपया डॉलरमागे ६८ च्या पुढे घसरला. तेव्हा रिझर्व्ह बँकेने सवलतीची योजना आणून अनिवासी भारतीयांच्या परकीय चलनातल्या ठेवी ओढल्या. सुमारे २६ अब्ज डॉलर आले. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर निर्बंध लागले तेव्हाही सरकारला त्यांचीच आठवण झाली होती. त्या वेळी त्यांच्यासाठी काढलेल्या रोख्यांतून सुमारे ४.२ अब्ज डॉलर उभे राहिले. १९९० च्या अखेरीस मात्र याच ठेवी निघून जाऊ लागल्या होत्या आणि पुढच्या वर्षीचे परकीय चलनाचे संकट त्यामुळे अधिक गडद झाले. परदेशस्थाचा पैसा देशप्रेमाने येतो तसा भीतीने जातोही, आणि यात त्याला दोष देणे अन्यायाचे आहे.

रुपया पडला की परदेशस्थाचे भले होते, ही समजूत अर्धीच खरी आहे. एकाच घरातला हिशेब पाहावा. डॉलर ८३ रुपये असताना दिरहमला साधारण २२.६० रुपये पडतात, डॉलर ९० झाला की साधारण २४.५०. दोन हजार दिरहम पाठवणाऱ्या मोठ्या भावाच्या घरी महिन्याला ३,८०० रुपये जास्त येतात. पण त्याच घरातली धाकटी अमेरिकेत शिकत असेल आणि वर्षाची फी ४०,००० डॉलर असेल, तर ती ३३.२ लाखांवरून ३६ लाखांवर जाते. आईवडिलांना एकाच बातमीचा आनंद आणि घोर दोन्ही होतात. ब्रिटनमधल्यांना तर वेगळाच अनुभव आला. २३ जून २०१६ च्या मतदानात तिथल्या लोकांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला आणि शंभरीच्या आसपास असलेला पौंड दोन आठवड्यांत नव्वद रुपयांखाली आला. पगार तोच, काम तेच, घरी पोहोचणारी रक्कम मात्र घटली.

व्यापाराचा हिशेब नाशिक जिल्ह्यात शेताच्या बांधावर कळतो. रुपया उतरला की निर्यातीच्या मालाला रुपयांत जास्त पैसे मिळायला हवेत. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांना ते काही प्रमाणात मिळतात. कांद्याचे तसे नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले आणि डिसेंबरात थेट बंदी आली. लासलगावच्या लिलावात भाव कोसळला. विनिमयदर कितीही अनुकूल असला तरी माल बाहेरच जात नसेल तर त्याचा उपयोग काय? मे २०२४ मध्ये बंदी उठली तीही टनामागे ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. शुल्क पूर्णपणे निघाले ते १ एप्रिल २०२५ ला. बंदीच्या त्या महिन्यांत निफाड-चांदवडच्या ज्या घरांत एक भाऊ शेती करतो आणि एक गल्फला असतो, तिथे उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत भरताना बियाणे-मजुरीची उधारी फेडायला दुबईहून आलेले पैसे वापरले गेले.