नमुना पाठवताय? सोबत ड्रॉइंग हवंच

नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वरच्या कारखानदारांसाठी आम्ही पार्ट बनवणारे पुरवठादार शोधतो, कोटेशन तपासतो आणि माल निघण्याआधी तिथे जाऊन मापं घेतो. कास्टिंग बहुतेक कोल्हापूरचं, मशीनिंग पुणे, राजकोट किंवा इथल्याच एमआयडीसीतलं. फी फक्त खरेदीदाराकडून घेतो, पुरवठादाराकडून कमिशन नाही. त्यामुळे लॉट नाकारायची वेळ आली तर आम्हाला भीड पडत नाही.

बहुतेक चौकशा मात्र अशा येतात: मशीनमधून काढलेल्या पार्टचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आणि खाली, "सेम टू सेम हवा, तीन ठिकाणचे रेट पाठवा." सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो.

काढलेला पार्ट झिजलेला असतो. तोच मोजून नवा केला तर झीजही नव्यात उतरते. मटेरियल डोळ्यांना कळत नाही. मशीनिंग झाल्यावर एमएस (माइल्ड स्टील) आणि ईएन ८ (जास्त कार्बनचं स्टील) सारखेच दिसतात, पण ईएन ८ हार्डन होतं (तापवून कडक करता येतं), साधं एमएस तसं होत नाही. मग तीन पुरवठादार तीन अंदाज बांधतात, आणि ज्याने सगळ्यात कमी काम गृहीत धरलं त्याचा रेट तुम्हाला स्वस्त वाटतो.

प्लेटिंगचंच बघा. बुशचा बोअर (आतलं भोक) २५ मिमी, एच ७ (भोकाच्या मापातल्या मुभेचा दर्जा), म्हणजे २५.००० ते २५.०२१. आतून १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) झिंक बसलं की बोअर २० मायक्रॉनने लहान होतो. एकूण मुभाच २१ मायक्रॉनची! 'माप प्लेटिंगनंतरचं' असं ड्रॉइंगवर लिहिलेलं नसेल, तर मशीन शॉपच्या गेजवर पीस पास, प्लेटिंगवाल्याच्या जाडीतही पास, आणि तुमच्या असेंब्लीत शाफ्ट आत जात नाही. दोघांचंही काम बरोबर, रिजेक्शन तुमच्या गळ्यात.

नमुन्यावरून ड्रॉइंग आम्ही करून देतो, त्याचे पैसे लागतात. त्यावर "नुसत्या चौकशीचे पैसे कशाला?" असं विचारलं जातं. ते पैसे चौकशीचे नाहीत, ड्रॉइंगचे आहेत. नमुना मोजणं, मटेरियलची स्पेक्ट्रो टेस्ट (धातूत काय काय किती आहे याची तपासणी), हार्डनेस, आणि कुठल्या मापाला खरंच टॉलरन्स (मापातल्या मुभेची मर्यादा) लागतो ते ठरवणं. सगळीकडे बारीक टॉलरन्स मागितला की रेट विनाकारण चढतो, तोही आम्ही इथेच खाली आणतो. ड्रॉइंग तुमच्याच नावाचं राहतं, पुढे आमच्याशिवाय ऑर्डर दिलीत तरी.

कास्टिंगच्या पॅटर्नचे (ज्यावरून साचा बनतो त्या नमुन्याचे) पैसे तुम्ही देत असाल तर तो तुमच्या मालकीचा, हे पीओत (खरेदी ऑर्डरमध्ये) लिहून घ्या. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे पेमेंटची मुदत करार करूनही ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, हे धरूनच रेट बोला.

नमुना आणताना तो ज्यात बसतो तो जोडीचा पार्टही आणा. फिट त्यावरूनच ठरतो. हाताने काढलेलं स्केच चालेल. वर्षाला अंदाजे किती नग लागतील आणि पार्ट कुठे घासतो, कुठे तापतो, तेवढं त्यावर लिहा.