भटकलेलं मेंढरू आणि हरवलेलं मेंढरू

१०० मेंढरं होती, त्यातलं एक गेलं, मेंढपाळ ९९ सोडून त्याच्यामागे गेला. शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या वर्गात, येशूनं सांगितलेली ही गोष्ट ऐकली नाही असा ख्रिस्ती घरातला माणूस मिळणं कठीण. पण बायबलच्या नव्या करारात ती दोनदा येते, लूकच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) १५व्या अध्यायात आणि मत्तयच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात. उपदेश ऐकताना वाटतं की गोष्ट एकच, फक्त दोघांनी लिहून ठेवली. मला तसं वाटत नाही. मेंढरू एकाच जातीचं असेल, पण गेलंय वेगवेगळ्या वाटेनं.

आधी लूक, कारण आपल्या डोक्यातलं चित्र त्याचंच. मेंढरू खांद्यावर घेतलेला मेंढपाळ मत्तयमध्ये कुठेच नाही. तो रोमच्या भुयारी दफनभूमीतल्या भिंतींवर तिसऱ्या शतकापासून दिसतो. (कोकरू खांद्यावर घेतलेला तरुण ही आकृती ग्रीकांकडे त्याच्या कितीतरी आधीपासून होती. ख्रिस्ती चित्रकारांना ती आयती मिळाली.)

लूकमध्ये ही गोष्ट निघते ती जेवणाच्या पंगतीवरून. येशू जकातदार (रोमसाठी कर गोळा करणारे, म्हणून लोकांच्या तिरस्काराचे) आणि पापी लोकांबरोबर जेवतो, म्हणून परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारे) आणि शास्त्री (धर्मशास्त्राचे पंडित) कुरकुर करतात. उत्तरादाखल तो एकामागून एक गोष्टी सांगतो: मेंढरू, दहा नाण्यांतलं एक नाणं, आणि मग दोन मुलगे. म्हणजे ऐकणारे हे सज्जन, आणि विषय त्यांनी वाळीत टाकलेली माणसं. मेंढपाळ ‘सापडेपर्यंत’ शोधतो. सापडल्यावर रागावत नाही, खांद्यावर घेतो, घरी येऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावतो. शेवटी येशू म्हणतो, पश्चात्तापाची गरज नसलेल्या ९९ नीतिमानांपेक्षा पश्चात्ताप करणाऱ्या एका पाप्याबद्दल स्वर्गात जास्त आनंद होतो.

इथे थोडं थांबावंसं वाटतं. मेंढरानं पश्चात्ताप केला कधी? गोष्टीत त्याच्या नावावर एकच काम आहे, हरवणं. ते परत फिरलं नाही, हाक मारली नाही. पुढच्या गोष्टीतलं नाणं तर बिचारं ओरडूही शकत नाही. तिसऱ्या गोष्टीतला धाकटा मुलगा तेवढा स्वतःच्या पायांनी परत येतो, पण तिथेही बाप त्याला दुरूनच पाहतो आणि धावत सुटतो. पश्चात्ताप म्हणजे तारणाची, पापातून सुटकेची, आगाऊ भरायची किंमत, असं आपण नकळत धरून चालतो. लूकची मांडणी त्याला जागाच देत नाही. शोध आधी सुरू होतो. आणि ते ९९ नीतिमान? ते खरोखर कुठे आहेत का, की समोर बसलेल्या कुरकुरणाऱ्यांना मारलेला तो चिमटा आहे? मला चिमटाच वाटतो.

आता मत्तय. इथे परूशी नाहीत, पापी नाहीत, पंगत नाही. समोर शिष्य आहेत, आणि त्यांचा प्रश्न आहे की स्वर्गाच्या राज्यात मोठा कोण. येशू एक मूल त्यांच्यामध्ये उभं करतो आणि बजावतो, या लहानांतल्या एकालाही तुच्छ लेखू नका. मेंढराची गोष्ट त्यानंतर येते. ते मेंढरू कळपातलं, म्हणजे मंडळीतलंच, चर्चच्या आपल्याच माणसांतलं. मराठी बायबलनं हा फरक नेमका पकडलाय: लूकचं मेंढरू ‘हरवलं’, मत्तयचं ‘भटकलं’. मूळ ग्रीकमध्येही दोन वेगळी क्रियापदं आहेत, आणि मत्तयच्या क्रियापदाच्याच कुळातून ‘प्लॅनेट’ हा शब्द आला, आकाशात भटकणारा तारा म्हणून.

आणखी एक बारीक, पण मला अस्वस्थ करणारा फरक. लूक म्हणतो ‘सापडेपर्यंत’. मत्तय म्हणतो ‘ते त्याला सापडलं तर’. त्या ‘तर’मध्ये न सापडण्याची शक्यता उरते. शेवटही स्वर्गातल्या जल्लोषावर होत नाही. या लहानांपैकी एकाचाही नाश व्हावा अशी तुमच्या पित्याची इच्छा नाही, एवढंच येशू सांगतो. लूकची गोष्ट देव काय करतो ते सांगते. मत्तयची गोष्ट ऐकणाऱ्याला उठून जायला लावते. रविवारी दोन-तीन महिने न दिसलेल्या माणसाबद्दल मंडळीत ‘देव त्याला शोधेल’ म्हणून मोकळं होणारे लूकचा आधार घेतात. प्रसंग मात्र मत्तयचा असतो.

ही सरमिसळ आजची नाही. मत्तय १८चं ११वं वचन, ‘मनुष्याचा पुत्र हरवलेल्याला तारायला आला आहे’, चौथ्या शतकातल्या सिनायटिकस आणि व्हॅटिकॅनस या हस्तलिखितांत नाही. लूकच्या १९व्या अध्यायात, यरीहो गावच्या जक्कय या जकातदाराच्या घरी, जवळपास हेच वाक्य आहे. बहुतेक अभ्यासकांच्या मते कुणा नकलनविसानं ते तिथून इकडे आणलं. त्यालाही दोन्ही मेंढरं सारखीच दिसली असणार.

तिसरं रूपही आहे, बायबलबाहेरचं. १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ सापडलेल्या हस्तलिखितांत थोमाचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या नावावरच्या वचनांचा एक संग्रह, आहे. त्यात गेलेलं मेंढरू कळपातलं सगळ्यात मोठं असतं, आणि मेंढपाळ त्याला सांगतो की ९९पेक्षा तू मला जास्त प्रिय. झालं, गोष्टीचा जीवच गेला. मोठ्या मेंढरासाठी कोणीही डोंगर तुडवील. मत्तय आणि लूक त्या मेंढराबद्दल एकही चांगला गुण सांगत नाहीत.

मत्तयमध्ये मेंढरानंतर लगेच अपराधी भावाचं प्रकरण येतं: आधी एकट्यानं जाऊन बोला, मग एक-दोघांना घेऊन जा, मग मंडळीला सांगा, तरी ऐकलं नाही तर तो तुम्हाला परराष्ट्रीय किंवा जकातदारासारखा होवो. पुष्कळांना इथे दार बंद झाल्यासारखं वाटतं. पण याच पुस्तकाच्या नवव्या अध्यायात येशू जकातीच्या नाक्यावर बसलेल्या मत्तय नावाच्या माणसाला उठवतो, आणि त्यानंतर घरात जकातदारांबरोबर जेवायला बसतो.