लिथियम बॅटरी, आगीची भीती आणि इन्व्हर्टरमधलं एक सेटिंग

रस्त्यात पेटलेल्या स्कूटरचा व्हिडिओ पुढे धरून “हीच बॅटरी आमच्या घरात लावणार का?” असं घरोघरी बॅटऱ्या बसवणाऱ्या आम्हाला जवळजवळ प्रत्येक घरी विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे. पण ‘लिथियम’ हा शब्द आडनावासारखा आहे. आडनाव एक असलं तरी माणसांचे स्वभाव वेगळे, तसंच या बॅटऱ्यांचं.

घरच्या साठवणुकीत मुख्यतः दोन प्रकार येतात. एनएमसी म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्ट, आणि एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. एनएमसी कमी वजनात जास्त वीज साठवते, म्हणून ती गाड्यांना सोयीची. मात्र तिचा सेल (बॅटरी अशा अनेक सेलची बनते) तापत तापत साधारण २१० अंश सेल्सिअसपर्यंत गेला, की पुढे तो स्वतःच्याच उष्णतेने भडकत जातो आणि आतल्या पदार्थातून ऑक्सिजन सुटतो. आगीला लागणारा ऑक्सिजन आतच तयार होत असल्याने ती झाकून विझत नाही. एलएफपीत हा टप्पा साधारण २७० अंशांच्या आसपास येतो. फॉस्फेटमधला ऑक्सिजन फॉस्फरसने घट्ट धरलेला असतो, तो सहजी सुटत नाही. त्यामुळे बिघडलेला सेल बहुधा धूर आणि वायू सोडतो, तापमान तितकं उसळत नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९९७ साली हा पदार्थ पुढे आणला. त्याआधी कोबाल्टच्या बॅटरीचा पायाही १९८० साली त्यांच्याच गटाने घातला होता. लिथियम टायटॅनेटची एलटीओ बॅटरी एलएफपीहूनही शांत, पण जागा जास्त खाते आणि महाग पडते.

आम्ही घरात एलएफपीच बसवतो. ती जड असते हे खरं, पण एकदा भिंतीशी बसवलेली बॅटरी कुणाला उचलून न्यायची नसते.

तुमच्याकडे आधीची बॅटरी असेल तर स्टिकरवरचं व्होल्टेज बघा. एलएफपीचा एक सेल ३.२ व्होल्टचा, म्हणून सोळा सेलचे ५१.२, आठचे २५.६ आणि चारचे १२.८. एनएमसीचा सेल ३.६ किंवा ३.७ चा, म्हणून चौदा सेलचे ५०.४ किंवा ५१.८. नुसतं ‘४८ व्होल्ट लिथियम’ एवढंच लिहिलं असेल तर आत काय आहे हे त्यावरून कळत नाही. विकणाऱ्याकडून रसायनाचं नाव लेखी घ्या. ‘यूएल ९५४०ए पास’ असं सांगितलं तर चाचणीचा अहवाल मागा. त्या चाचणीत एक सेल मुद्दाम बिघडवून आग शेजारच्या सेलपर्यंत पसरते का, ते पाहतात. ती पास-नापासची परीक्षा नाही, त्यामुळे अहवालात काय लिहिलंय तेच महत्त्वाचं.

आता ज्या कारणासाठी आमच्या सर्वाधिक फेऱ्या होतात, ते. जुनी लेड-ॲसिड काढून लिथियम लावली जाते, पण इन्व्हर्टरमध्ये बॅटरीचा प्रकार जुनाच राहतो. किंवा आम्ही नीट लावून गेल्यावर कुणीतरी ‘बॅकअप वाढेल’ म्हणून तो बदलतो. लेड-ॲसिडला अधूनमधून इक्वलायझेशनचं, म्हणजे सगळे सेल सारखे भरावेत म्हणूनचं, जादा चार्जिंग लागतं. १२ व्होल्टच्या एका बॅटरीला १५.५ धरले तर चार बॅटऱ्यांचे ६२ व्होल्ट होतात. हेच ६२ सोळा सेलच्या एलएफपीवर आले की प्रत्येक सेलवर जवळपास ३.९ व्होल्ट येतात, आणि त्याची मर्यादा आहे ३.६५. मग बीएमएस, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारं तिच्यातलंच सर्किट, बॅटरीचा प्रवाह तोडतो, घरात अंधार होतो आणि आम्हाला फोन येतो, “तुमची बॅटरी सारखी बंद पडते.” बॅटरी चांगली असते. बीएमएस आपलं काम करत असतो.

पण बीएमएस हा शेवटचा पहारेकरी आहे. रोज त्यालाच दार अडवायला लावलं तर एखाद्या दिवशी तो थकेल, आणि त्या दिवशी मागे दुसरं कोणी नसेल. एलएफपी निवडून मिळवलेली सुरक्षितता अशी एका चुकीच्या सेटिंगने हातची जाते. थंड प्रदेशात आणखी एक घोळ होतो. बॅटरीचा तापमान सेन्सर जोडलेला असेल तर लेड-ॲसिडच्या सेटिंगमध्ये थंडी पडली की चार्जिंग व्होल्टेज आपोआप वाढतं. लिथियमला तर शून्य अंशाखाली चार्जच करायचं नसतं, नाहीतर सेलच्या आत धातूरूप लिथियम साचू लागतं.

म्हणूनच आम्ही सेटिंगला पासवर्ड टाकून जातो. काहींना याचा राग येतो. पासवर्ड तुमचाच आहे, मागाल तेव्हा देतो, फक्त काय बदलणार आहात ते आधी सांगा. कम्युनिकेशन केबलही आम्हीच लावतो. तिचं टोक इंटरनेटच्या केबलसारखं दिसतं, पण आतल्या तारांचा क्रम कंपनीगणिक वेगळा असतो. घरातली दुसरी केबल खोचली की बीएमएस आणि इन्व्हर्टर एकमेकांशी बोलत नाहीत. तसंच एलएफपीला जुनी लेड-ॲसिड किंवा दुसऱ्या प्रकारची लिथियम समांतर जोडून द्या, असं कितीही म्हटलंत तरी आम्ही देणार नाही.

रसायनाशी संबंध नसलेलं आगीचं एक कारण असतं ढिला बोल्ट. पाच किलोवॉटच्या लोडला ५१.२ व्होल्टवर जवळपास १०० अँपिअर वाहतात. जोडावर पाच मिलिओहम रोध आला तरी तिथे ५० वॉट उष्णता होते, म्हणजे एका बोल्टपाशी सतत चालू असलेलं सोल्डरिंग आयर्न. अशा जोडावरची लाल स्लीव्ह कडक होऊन आखडलेली आणि तांब्याचा लग (तारेच्या टोकाचं कडं) काळानिळा पडलेला आम्ही पाहिला आहे. बॅटरीचे सेल तेव्हा ठणठणीत होते. आम्ही टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळणारा पाना) वापरून वेळ लावतो तो यासाठी, आणि वर्षातून एकदा येऊन जोड तपासतो.

जागेबद्दल थोडक्यात. झोपायची खोली नको, बाहेर पडायच्या वाटेवरचा जिना नको, उन्हाची भिंत नको. कोंदट कपाट तर नकोच. एलएफपीच्या वायूत हायड्रोजन असतो, तो बंद जागेत साठला आणि ठिणगी पडली तर स्फोट होतो. ‘एलएफपीला काहीच होत नाही’ असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पांढरा धूर, गोडसर उग्र वास किंवा सिसकारी जाणवली तर खोलीत शिरू नका, दिव्याचं बटणही दाबू नका. सगळ्यांना बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला ‘लिथियम बॅटरी’ असं स्पष्ट सांगा. ज्वाळा दबली तरी सेल आतून तापलेले असतात आणि पुन्हा पेटू शकतात.

बॅटरी आमच्याकडून घेतलेली नसली तरी सेटिंग आणि जोड आम्ही तपासून देतो. फोन करण्याआधी स्टिकरचा आणि इन्व्हर्टरच्या बॅटरी सेटिंगच्या स्क्रीनचा असे दोन फोटो काढून पाठवा. बरेचदा त्यावरूनच चूक कळते आणि कुणाला यावंही लागत नाही.